डीएफचा हिशेब, डीयूचा हिशेब

३१ मार्चच्या संध्याकाळी कोणत्याही पतसंस्थेच्या कार्यालयातले दिवे लवकर मालवत नाहीत. ठेवींवरच्या व्याजाच्या नोंदी, थकीत कर्जांच्या तरतुदी, ताळेबंदाची जुळवाजुळव असे सगळे त्याच रात्री उरकायचे असते. ज्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो, तिथून यंदा त्या संध्याकाळी सव्वासातला फोन आला. लेखापाल बाई म्हणाल्या, "सर, व्याजाची नोंद सेव्हच होत नाहीये. जुनं सगळं दिसतंय, नवीन काही घेत नाही." जुने दिसते आणि नवे घेत नाही, असे कोणी सांगितले की माझा पहिला संशय डिस्कवर जातो. डेटाबेसच्या लॉगने तो लगेच खरा ठरवला. फाइल वाढवता आली नाही, उपकरणावर जागा शिल्लक नाही, असे त्यात लिहिले होते आणि त्याखाली पोस्टग्रेसने, म्हणजे त्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरने, स्वतःहून सल्लाही जोडला होता : मोकळी जागा तपासा.

पुढच्या अडीच तासांत जे घडले ते सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण "डिस्क भरली" या दोन शब्दांमागे त्या रात्री एकच कारण नव्हते, आणि जे सगळ्यांत मोठे कारण होते ते नेहमीच्या कोणत्याही आज्ञेला दिसत नव्हते. आज्ञांची नावे जशी आम्ही एकमेकांत उच्चारतो तशीच लिहितो आहे. ज्यांना ती टंकायची आहेत त्यांना ती ओळखू येतील.

सर्व्हर साधा, लिनक्सवर चालणारा आहे. १२० जीबीची एक एसएसडी, तिच्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूम नावाच्या भागांत वाटून देणारी व्यवस्था), आणि त्यात मूळ फाइल सिस्टीमसाठी, म्हणजे फाइली मांडून ठेवणाऱ्या मुख्य रचनेसाठी, १०० जीबीचा एकच लॉजिकल व्हॉल्यूम. डेटाबेस, टॉमकॅट या वेब-सर्व्हरवर चालणारे संस्थेचे सॉफ्टवेअर, सर्व लॉग, सगळे त्याच एका, ईएक्सटी४ प्रकारच्या फाइल सिस्टीममध्ये. बाजूला एक टेराबाइटची बाहेरची यूएसबी डिस्क /बॅकअप या निर्देशिकेच्या (फोल्डरच्या) जागी माउंट केलेली, म्हणजे जोडलेली. खोक्यावरचे १२० जीबी हे कारखान्याचे, म्हणजे १२० अब्ज बाइटचे असतात. १०२४ च्या पटीत मोजले तर ते १११.८ होतात. यापुढे मी जीबी म्हणेन तेव्हा तो १०२४ च्या पटीतला आहे असे समजावे. शंभर जीबी मूळ फाइल सिस्टीमला, आठ स्वॅपला आणि एक बूटला दिल्यावर व्हॉल्यूम ग्रूपमध्ये, म्हणजे वाटायच्या एकूण साठ्यात, जेमतेम अडीच-तीन जीबी उरले होते, म्हणजे "व्हॉल्यूम वाढवून टाकू" हा सोपा मार्ग मीच काही वर्षांपूर्वी स्थापनेच्या वेळी बंद करून ठेवला होता.

'डीएफ -एच' ही मोकळी जागा सांगणारी आज्ञा दिल्यावर मूळ फाइल सिस्टीमसमोर आकार ९८, वापरलेले ९३, शिल्लक ० आणि वापर १०० टक्के असे आकडे आले. मग रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावे, फाइलींनी घेतलेल्या जागेची बेरीज करणारे 'डीयू -एसएचएक्स /' चालवले. यातला 'एक्स' महत्त्वाचा, कारण तो नसेल तर डीयू /बॅकअपच्या डिस्कमध्येही शिरतो आणि दोन वेगळ्या फाइल सिस्टीमची बेरीज हातात ठेवतो. काही मिनिटांनी उत्तर आले : ४१ जीबी.

म्हणजे दोन प्रश्न समोर होते. ९८ मधून ९३ गेले तर ५ उरायला हवेत, ते कुठे आहेत? आणि एक वही ९३ म्हणते, दुसरी ४१, तर मधले ५२ जीबी कोणाच्या नावे आहेत? खाली तळमजल्यावर लेखापाल बाई रोजकीर्द आणि खतावणी जुळवत बसलेल्या असताना मीही वेगळे काही करत नव्हतो.

या दोन आज्ञा एकच गोष्ट मोजत नाहीत, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. डीएफ फाइल सिस्टीमलाच विचारतो की तुझे एकूण ठोकळे (जागेचे ठरावीक मापाचे तुकडे) किती आणि त्यांतले मोकळे किती; फाइल सिस्टीम हा आकडा स्वतःकडे कायम ठेवत असते, म्हणून उत्तर क्षणात येते. डीयू मात्र दारोदार फिरतो. निर्देशिकांच्या झाडात जी जी नावे सापडतील त्या प्रत्येकाने किती ठोकळे घेतले आहेत ते विचारून बेरीज करतो. त्यामुळे जी फाइल जागा व्यापून आहे पण तिचे नाव झाडात कुठेच नाही, किंवा नाव आहे पण तिथवर जाणारी वाटच झाकली गेली आहे, ती डीएफच्या वहीत असते आणि डीयूच्या वहीत नसते. त्या रात्री माझ्या सर्व्हरवर हे दोन्ही प्रकार एकाच वेळी हजर होते.

पण आधी ते पाच जीबी. ईएक्सटी४ तयार होताना एकूण ठोकळ्यांपैकी ५ टक्के रूटसाठी राखून ठेवते, आणि डीएफच्या "शिल्लक" या रकान्यात ते धरले जात नाहीत. ही कल्पना जुनी आहे. बर्कली विद्यापीठात मॅकक्यूसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी १९८४ मध्ये युनिक्ससाठीच्या ज्या वेगवान फाइल सिस्टीमचे वर्णन प्रसिद्ध केले, तिच्यात १० टक्के जागा राखीव असे, कारण डिस्क काठोकाठ भरत गेली की एका फाइलचे ठोकळे जवळजवळ ठेवणे अशक्य होते आणि वेग कोसळतो. राखीव जागेचा दुसरा उपयोग मला त्या रात्री प्रत्यक्ष होत होता : सामान्य वापरकर्त्याला, म्हणजे पोस्टग्रेसलाही, शून्य दिसत असताना रूट म्हणून मी आत शिरू शकत होतो आणि माझ्या आज्ञांना तात्पुरत्या फाइल लिहिता येत होत्या. (१०० चे ९८ का दिसतात, हेही इथेच सांगून टाकतो. नेहमीच्या मापाने दर १६,३८४ बाइटमागे एक इनोड (एकेका फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) या हिशेबाने १०० जीबीत ६५,५३,६०० इनोड आधीच आखून ठेवले जातात, प्रत्येकी २५६ बाइटचे. त्यांचे तक्तेच दीड जीबीहून अधिक जागा घेतात.)

'ट्यून-टू-एफएस -एम १' ही आज्ञा फाइल सिस्टीम चालू असतानाच राखीव प्रमाण ५ वरून १ टक्क्यावर आणते. ती दिली आणि चार जीबी मोकळे झाले. खाली निरोप दिला की काम सुरू करा, पण मोठा अहवाल अजून काढू नका. हा उपाय कायमचा नाही. मात्र ज्या फाइल सिस्टीमवर नुसता डेटा आहे तिथे ५ टक्के राखून ठेवण्याची गरज नसते, आणि चार टेराबाइटच्या डेटा-डिस्कवर तर ते दोनशे जीबी होतात. मूळ फाइल सिस्टीमवर मात्र राखीव जागा शून्य करू नये असे माझे ठाम मत आहे.

याच सुमारास माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाने घरून लॉगइन केले आणि विचारले, "दादा, पीजी वाल फोल्डरमध्ये तीन जीबीच्या जुन्या फाइल दिसतायत. काढू का?" मी त्याला म्हटले, "त्याला हात लावायचा नाही. डेटाबेस पडला तर तो उठतो त्याच फाइलींवरून." पोस्टग्रेस प्रत्येक बदल प्रथम त्या फाइलींत लिहिते आणि मग सवडीने मूळ तक्त्यांत उतरवते, त्या पुसल्या तर डेटाबेस पुन्हा सुरूच होणार नाही अशी स्थिती येऊ शकते. पूर्वी या फोल्डरच्या नावात 'लॉग' हा शब्द होता, आणि डिस्क भरली की लोक "लॉगच तर आहेत" म्हणून ते रिकामे करून टाकत. अखेर २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत विकसकांनी ते नावच बदलले. तेव्हा त्या मुलाचा प्रश्न अजिबात मूर्खपणाचा नव्हता.

आता ५२ जीबीकडे वळू. नाव नसलेल्या पण जागा धरून बसलेल्या फाइली शोधण्यासाठी 'एलएसओएफ +एल१' ही आज्ञा आहे. जिच्या नावांची संख्या एकाहून कमी, म्हणजे शून्य झाली आहे, तरीही कोणता तरी प्रोग्राम जिला उघडून बसला आहे, अशा फाइलींची ती यादी देते. यादीत सर्वांत वर टॉमकॅटची 'कॅटॅलिना.आउट' होती, पुढे "पुसलेली" असा शेरा, आणि आकार ६ जीबी. ही फाइल मीच पुसली होती, १२ मार्चला. टॉमकॅट आपल्या आउटपुटची ही फाइल स्वतःहून कधी कापत नाही; ती ४ जीबीची झालेली पाहून मी 'आरएम' ही पुसण्याची आज्ञा दिली, डीयूने चार जीबी कमी दाखवले, आणि मी समाधानाने बाहेर पडलो. डीएफ पाहिला असता तर तिथेच कळले असते.

युनिक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे निर्देशिकेतले तिचे नाव खोडणे एवढेच. ठोकळे मोकळे होतात ते शेवटचे नावही गेले आणि शेवटच्या प्रोग्रामनेही ती बंद केली की. तोवर ती फाइल बिननावाची जिवंत असते, इतकेच काय, वाढतही राहते. माझी ४ जीबीची फाइल १९ दिवसांत ६ जीबी झाली होती. टॉमकॅट पुन्हा सुरू केले असते तर जागा तत्काळ सुटली असती, पण खाली लोक काम करत होते. अशा वेळी /प्रॉक मध्ये त्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, क्रमांकाखाली 'एफडी' नावाची निर्देशिका असते, तिच्यात त्या उघड्या फाइलीचा क्रमांक शोधून तिच्यावर रिकामा मजकूर वळवला की फाइल शून्य बाइटची होते आणि प्रोग्रामला खबरही लागत नाही. सहा जीबी सुटले. आधीच्या चारांसह दहा जीबी मोकळे झाले, म्हणजे रात्रीच्या कामाला पुरेसे. पाऊण तास झाला होता. खाली सांगितले की आता अहवालही काढा.

पुढे आता लॉगरोटेटमध्ये, म्हणजे लॉग वेळोवेळी कापणाऱ्या प्रोग्राममध्ये, या फाइलीसाठी 'कॉपीट्रंकेट' लावले आहे. त्यात फाइलीची नक्कल काढून मूळ फाइल जागच्या जागी रिकामी केली जाते. नक्कल आणि रिकामे करणे यांच्या मधल्या क्षणात लिहिल्या गेलेल्या ओळी हरवू शकतात, हा त्यातला दोष मला ठाऊक आहे. ज्या प्रोग्रामला संदेश पाठवून लॉग नव्याने उघडायला सांगता येते, त्याच्यासाठी तोच मार्ग चांगला. या फाइलीपुरता हा दोष मी पत्करला.

५२ मधून ६ गेले, ४६ राहिले. इनोडचा प्रश्न नव्हता, 'डीएफ -आय' मध्ये वापर चार टक्के होता. तरी ती आज्ञा देण्याची सवय मला एका वेगळ्या सर्व्हरने लावली आहे. तिथे २० जीबीच्या फाइल सिस्टीममध्ये निम्म्याहून अधिक जागा मोकळी असताना तोच "जागा शिल्लक नाही" हा निरोप येत होता. संकेतस्थळाच्या प्रत्येक भेटीला सत्राची एक चिमुकली फाइल बनत होती आणि जुन्या फाइली काढणारे काम बंद पडले होते. १३,१०,७२० इनोड एकूण एक संपले होते. ईएक्सटी४ मध्ये इनोडची संख्या फाइल सिस्टीम बनवतानाच ठरते, नंतर फाइल सिस्टीम मोठी केल्याशिवाय ती वाढत नाही; एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम मात्र इनोड लागतील तसे घडवते. त्या निर्देशिकेत 'एलएस' दिले की तो दहा लाख नावे अनुक्रमाने लावत बसे, आणि ताऱ्याचे चिन्ह वापरून पुसायला गेले की आज्ञा फार लांब झाल्याची तक्रार येई. शेवटी 'फाइंड' ला '-डिलीट' जोडून दुपारभर पुसत बसलो होतो.

पतसंस्थेकडे परत येतो. ४६ जीबी कशात असतील हे कळेना. जर्नल तपासले, सिस्टीमडीचे (सर्व्हरवरच्या सेवा सुरू करून चालवणाऱ्या प्रोग्रामचे) जर्नल, म्हणजे लॉग, फाइल सिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच वाढते, शिवाय ते डीयूच्या बेरजेत आधीच आलेले होते. तीच चूक मी आणखी दोनदा केली, म्हणजे डीयूला दिसणाऱ्या जागांमध्येच डीयूला न दिसणारी वस्तू शोधत राहिलो. मग सहज, आजचा बॅकअप नीट होईल ना, हे पाहायला /बॅकअप मध्ये डोकावलो. फाइलींच्या नावात तारीख असते. २१ फेब्रुवारीची फाइल होती. तिच्यानंतरची फाइल एकदम १७ मार्चची. मधले तेवीस दिवस नव्हते.

रोजचा बॅकअप सुमारे दोन जीबीचा. तेवीस दुणे सेहेचाळीस.

२२ फेब्रुवारीला काय झाले होते ते आठवले. दुपारी वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्यांनी तग धरला नाही, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्या वेळी बाहेरच्या डिस्कचा अडॅप्टर चालू झालाच नव्हता. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत, त्या डिस्कसमोर 'नोफेल' लिहिलेले होते, म्हणून ती नसतानाही सर्व्हर बिनतक्रार उभा राहिला. /बॅकअप ही निर्देशिका तर मूळ फाइल सिस्टीमवर असतेच; तिच्यावर डिस्क बसवली की आपण तिला बॅकअपची डिस्क म्हणतो, बसवली नाही तर ती एक साधी रिकामी निर्देशिका असते. रात्री अकराला स्क्रिप्ट चालली, तिला /बॅकअप सापडले, तिने तिथे लिहिले, आणि बॅकअप यशस्वी झाल्याची ईमेल पाठवली. तेवीस रात्री ती ईमेल वेळेवर आली. तिने खोटे काही सांगितले नव्हते, बॅकअप होत होता. फक्त तो ज्या डिस्कच्या नाशापासून वाचवण्यासाठी घेतला जातो त्याच डिस्कवर होत होता.

१७ मार्चला अडॅप्टर बंद असल्याचे कोणाच्या तरी लक्षात आले, त्यांनी बटण दाबले आणि मला कळवले. मी दुरून 'माउंट -ए' दिले, एक टेराबाइटची डिस्क जागेवर आली, जुन्या फाइली दिसल्या, आणि मी पुन्हा एकदा समाधानाने बाहेर पडलो. त्या क्षणी ४६ जीबी अदृश्य झाले. भरलेल्या निर्देशिकेवर दुसरी फाइल सिस्टीम माउंट केली तर लिनक्स अडवत नाही, इशाराही देत नाही. खालचा मजकूर जसाच्या तसा राहतो, पण त्याच्याकडे जाणारी वाट आता वरच्या डिस्ककडे वळते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डीयू त्या वाटेने जातो तेव्हा त्याला वेगळी फाइल सिस्टीम लागते आणि 'एक्स' सांगितलेला असल्याने तो माघारी फिरतो. डीएफला मात्र वाटांशी देणेघेणे नसल्याने तो ४६ धरूनच बोलत असतो.

खालचे पाहण्यासाठी वरची डिस्क काढलीच पाहिजे असे नाही. 'माउंट --बाइंड / /एमएनटी' दिले की मूळ फाइल सिस्टीम दुसऱ्या दाराने उघडते, आणि साध्या बाइंडमध्ये तिच्यावर बसवलेल्या इतर फाइल सिस्टीम सोबत येत नाहीत. त्यामुळे /एमएनटी/बॅकअप म्हणजे झाकलेली, मूळची निर्देशिका. तिथे तेवीस फाइली ओळीने उभ्या होत्या, २२ फेब्रुवारी ते १६ मार्च.

इथे थांबून विचार करायला हवा होता आणि सुदैवाने मी केला. रात्रीचे नऊ वाजत आलेले, खाली लोक खोळंबलेले, आणि पुसायला ४६ जीबी समोर. मोह प्रचंड होतो. पण त्या तेवीस दिवसांच्या प्रती दुसरीकडे कुठेच नव्हत्या, आणि संस्थेला साठ दिवसांच्या प्रती ठेवायच्या असतात. दहा जीबी हाताशी असल्याने घाई नव्हती. 'आरसिंक'ने सगळ्या फाइली खऱ्या डिस्कवर नेल्या, अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला, मग दोन्हीकडच्या चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या पडताळणी-संख्या, ताडून पाहिल्या आणि त्यानंतरच खालच्या प्रती पुसल्या. पुन्हा डीएफ : वापरलेले ४१. पुन्हा डीयू : ४१. पावणेदहा वाजले होते. खाली ताळेबंद जुळायला अजून अवकाश होता, माझा जुळला होता.

दुरुस्ती पुढच्या रविवारी केली. पहिला प्रश्न 'नोफेल' ठेवावे की काढावे हा. ते नसेल तर सिस्टीमडी डिस्कची साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि ती न आल्यास सर्व्हरला आणीबाणीच्या अवस्थेत नेऊन थांबवते; तिथून पुढे जायला कोणीतरी प्रत्यक्ष कीबोर्डसमोर बसावे लागते. बॅकअपची डिस्क नाही म्हणून सकाळी साडेनऊला पतसंस्थेचे काउंटर उघडूच नये, हे मला मान्य नाही. तेव्हा 'नोफेल' राहिले. मात्र ज्या डिस्कसाठी आपण ते लिहितो, ती नसताना तिच्या जागी काय घडेल याचा बंदोबस्त आपणच केला पाहिजे, आणि मी तो केला नव्हता. डिस्कचे नाव मात्र पूर्वीपासून यूयूआयडीनेच, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकानेच, लिहिलेले आहे. 'एसडीबी' सारखी नावे डिस्क कोणत्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतात, आणि एका रीबूटमध्ये 'बी' ची 'सी' होऊ शकते.

बंदोबस्त दोन ठिकाणी केला. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप' ही तपासणी घातली. त्या जागी खरोखर काही माउंट नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि अपयशाची ईमेल पाठवते. पण स्क्रिप्ट आज आहे, उद्या कोणी दुसरी लिहील, म्हणून दुसरा उपाय निर्देशिकेवरच. डिस्क काढून, खालच्या रिकाम्या /बॅकअपला 'चॅटर +आय' लावले. त्यामुळे ती निर्देशिका अपरिवर्तनीय होते, तिच्यात रूटलाही फाइल बनवता येत नाही, मात्र तिच्यावर डिस्क माउंट करायला काहीच अडचण येत नाही. हा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्याला कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही.

डिस्क काढताना "टार्गेट इज बिझी" असे उत्तर आले. पंधरा मिनिटे मी डेटाबेस आणि बॅकअपची कामे तपासत होतो; 'फ्यूजर -व्हीएम' ने दाखवले की माझीच दुसरी खिडकी /बॅकअप मध्ये उभी आहे. अशा वेळी 'यूमाउंट -एल' देऊन मोकळे होण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिलेला आढळतो. तो मी पाळत नाही. त्याने डिस्क झाडावरून दिसेनाशी होते, पण जो तिला धरून बसला आहे तो लिहीतच राहतो, आणि आपण केबल उपसतो तेव्हा ते अर्धवट राहते. नेटवर्कवरची मृत डिस्क, जिच्यामुळे खुद्द डीएफच लटकून बसतो, तेवढ्यापुरती ती आज्ञा मी राखून ठेवली आहे.

त्याच रविवारी ४८० जीबीची नवी एसएसडी बसवली आणि डेटाबेस तिच्यावर हलवला. या वेळी व्हॉल्यूम ग्रूपमधून डेटाबेसला १५०, सॉफ्टवेअरला ४० आणि लॉगला २० जीबी दिले आणि दोनशेहून अधिक जीबी कोणालाच दिले नाहीत. लागतील तेव्हा 'एलव्हीएक्सटेंड -आर' या एकाच आज्ञेने व्हॉल्यूम आणि त्यावरची फाइल सिस्टीम दोन्ही चालू स्थितीत वाढतात. उलटा प्रवास अवघड असतो : ईएक्सटी४ लहान करायची तर ती काढून ठेवावी लागते, आणि एक्सएफएस लहान करण्याची तर आशाच धरू नये. लॉग वेगळे ठेवल्याने ते भरले तरी डेटाबेसचे लिहिणे थांबत नाही. वेगवेगळे भाग केले की कुठे तरी जागा पडून राहते आणि कुठे तरी कमी पडते, अशी तक्रार असते आणि ती खरीही आहे. पण हाताशी न वाटलेली जागा असेल तर त्या तक्रारीला उत्तर आहे. एफएसटॅब बदलल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवून चुका तपासल्या, सिस्टीमडीला नवी फाइल वाचायला लावली, आणि मगच रीबूट केला.

शेवटी, सगळे मूळ जागी आल्यावर, त्या मुलाला तिथे बोलावून यूएसबी डिस्क रीतसर काढून तिचा अडॅप्टर बंद करायला सांगितला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. सर्व्हर उभा राहिला, सॉफ्टवेअर चालू झाले. मी बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवली. ती पहिल्याच ओळीत थांबली आणि मोबाइलवर अपयशाची ईमेल आली. मग तो म्हणाला, "दादा, स्क्रिप्ट सोडा, रूट म्हणून साधी फाइल बनवून बघू." त्याने /बॅकअप मध्ये 'टच' दिले. परवानगी नाही, असे उत्तर आले. मग त्याने अडॅप्टरचे बटण दाबले.